ठकीच्या हाडांतल्या खोल्या

९ जानेवारी

चि. फक्कीस आक्काचे आशीर्वाद.

फोनवर तू बोलतोस ते मला भिंतीपलीकडे कुणी जातं ओढावं तसं ऐकू येतं, म्हणून पत्र. कानातलं यंत्र लावलं की फोन शिट्टी मारतो, काढलं की तू मुका. तेव्हा तूही लिहीतच जा. तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण मला सवय आहे.

ठकीच्या दुखण्याला एकदाचं नाव मिळालं. नाव लांबलचक आहे, अर्थ एवढाच की दीड वर्षाच्या पोरीची हाडं दगड होत चालली आहेत. मागे कूस बदलताना तिची मांडी मोडली, तेव्हा मी म्हणत होते की हाडं कच्ची आहेत. डॉक्टरीणबाई म्हणतात, कच्ची नाहीत, फार भरीव आहेत. खडू कसा भरीव असतो आणि पटकन तुटतो, तशी. आता याला काय म्हणावं?

त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. हाडात म्हणे दोन टोळ्या असतात. एक हाड बांधते, दुसरी हाड खाते. खाणारी टोळी आतून कुरतडत राहते म्हणून आत पोकळी राहते, आणि त्या पोकळीत रक्ताच्या मूळ पेशी बिऱ्हाड करतात. आपलं सगळं रक्त त्यांच्या पोटचं. ठकीची खाणारी टोळी जन्मापासून कामचुकार. बांधणं चालू आहे, पाडणं बंद. आत जागाच उरली नाही. रक्त बिचारं पोटातल्या अवयवांत पथारी पसरून बसलंय, म्हणून पोट एवढं फुगलेलं. आणि कवटीतल्या ज्या भोकातून डोळ्याची नस जाते, तेही बुजत चाललंय. डावा डोळा गेला. उजव्यात अजून उजेड आहे. हा ‘अजून’ त्या बाई फार सांभाळून बोलल्या. मला ऐकू आला नाही, पण ओठांवर दिसला.

उपाय एकच आहे. दुसऱ्याच्या रक्ताच्या मूळ पेशी ठकीत पेरायच्या. ती खाणारी टोळी मुळात त्यांच्याच पोटी जन्मते, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणजे लेकरं आईसाठी खोली खोदतात म्हण. पण पेरण्याआधी ठकीच्या स्वतःच्या पेशी औषधाने मारायच्या, आणि त्यात काही मुलं दगावतात. नाही केलं तर डोळा जाणार, मग पोर. पेशी अर्ध्या जुळल्या आहेत त्या तिच्या बापाच्या. दुसरं कुणी नाही.

लेक तर ठकीची आई, ती हो म्हणून बसली आहे. मला विचारलं नाही, पण माझ्याकडे बघत होती.

तू जन्मभर घरं पाडलीस. तूच सांग, हाड कुणी पाडायचं असतं का?

तुझी आक्का

१५ जानेवारी

ती. आक्का, नमस्कार.

तुझं पत्र आलं तेव्हा मी एका बंद पडलेल्या छापखान्याच्या छपरावर होतो. तिथेच बसून वाचलं. खाली गडी हातोडे घेऊन ताटकळले. मालक वर रडतोय की डुलकी काढतोय, त्यांना कळेना.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या धंद्यात आहे. एक म्हातारा होता. भिंतींना ओल यायची म्हणून दर वर्षी आतून गिलावा चढवायचा. जुना खरवडायचा कंटाळा, म्हणून त्याच्यावरच नवा. आम्हाला बोलावलं तेव्हा घरात माणूस आडवा चालत होता. खिडकीच्या जागी टिचभर फट उरली होती. म्हातारा मला अभिमानाने सांगतो, “भिंत बघा किती मजबूत.” मी म्हटलं, “आजोबा, भिंत मजबूत आहे, पण घर कुठंय?” आक्का, बांधणाऱ्याला भिंत कळते, पाडणाऱ्याला खोली कळते. ठकीचं त्या म्हाताऱ्यासारखं झालंय. तिला खरवडणारे हवेत, आणि ती खिडकी बुजायच्या आत हवेत.

तेव्हा माझं मत विचारशील तर करून टाका. भीती वाटते, ती मलाही वाटते. पण टेकू लावून, वरून सुरुवात करून, एकेक थर काढणारी माणसं असली की पाडकाम म्हणजे नाश नव्हे. या डॉक्टरीणबाई चित्र काढून सांगतात म्हणजे कामाच्या दिसतात. माझ्याकडचा इंजिनिअर चित्र काढतो आणि सांगत काहीच नाही.

बाकी त्या बाईंना सांग, आमच्या घरात हाड मोडायची रीत नाही. बाबा रोज सकाळी भट्टीवरच्या चुन्याची निवळी चमचाभर पाजायचे. तू चुनखडीच्या ढिगावरून गडगडत खाली आलीस, तर ढीग सपाट झाला आणि तू उठून फ्रॉक झटकलास. एक बाटली निवळी पाठवू का?

आणि जावईबापू काय म्हणतात? लग्नाला आठ वर्षं झाली तरी तू त्या शिंप्याशी “त्यांना सांगा” असं कपाटाकडे बघून बोलतेस, हे भाचीने मला सांगितलंय. कपाट कंटाळलं असेल.

तुझा फक्की
(या नावाने हाक मारणारी तू एकटीच उरलीस. बाकीचे मालक म्हणतात, तेही सुट्टी हवी असली तर.)

२ फेब्रुवारी

चि. फक्कीस आशीर्वाद.

झालं. ठकी काचेच्या खोलीत आहे. डोक्यावरचे चार केस होते तेही गेले. तोंडात फोड आले आहेत, दूध गिळताना कण्हते. आत एका वेळी एकच माणूस, तोंडाला पट्टी, अंगात निळा झगा. लेक आत असते. मी बाहेर बाकावर. काचेतून मला काही ऐकू येत नाही आणि या वेळी त्याचं बरं वाटतं.

त्या माणसाने पेशी दिल्या. आधी चार-पाच दिवस इंजेक्शनं घेतली. हाडातल्या मूळ पेशी घर सोडून रक्तात उतराव्यात म्हणून ती देतात. त्याची कंबर एवढी दुखायची की शिवणयंत्रावर बसवेना, उभ्याने काजं करायचा. मग दंडात सुया खुपसून रक्त यंत्रात फिरवलं, त्यातल्या पेशी वेचून घेतल्या आणि उरलेलं परत दिलं. सुईवर पोट भरणारा माणूस, आणि डोळे घट्ट मिटून पडला होता. हे मला लेकीने सांगितलं. मी आत गेले नव्हते.

ठकीला दिल्या त्या पिशवीत जेमतेम वाटीभर लालसर पाणी होतं. मला वाटलं होतं, काहीतरी दिसेल.

डॉक्टरीणबाई म्हणतात, पेशी रुजल्या तर त्यांच्यातून नवी खाणारी टोळी जन्मेल, आणि ती हाड कुरतडून या पेशींनाच जागा करून देईल. तोवर वाट बघायची. तोवर उजव्या डोळ्याचं भोक किती बुजेल ते कुणी सांगत नाही.

रोज रात्री घरी येते. स्वयंपाकघरात लेकीने कागद चिकटवलाय, पोर घरी आल्यावर काय द्यायचं, काय नाही. दुधाची विशेष भुकटी, कॅल्शियम बंद, ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब बंद. ज्या पोरीची मांडी कूस बदलताना मोडते, तिला चुना बंद! मी वाचलं आणि गप्प बसले. माझं कोण ऐकतंय.

तू निवळीची आठवण काढलीस ते बरं केलंस. मी विसरले होते.

तुझी आक्का

१२ फेब्रुवारी

ती. आक्का, नमस्कार.

तुझ्या पत्रात ‘तो माणूस’ हे शब्द वाचून हसू आलं आणि मग आलं नाही. अगं, ज्या माणसाला तू कपाटामार्फत निरोप देतेस, त्याच्या पेशी आता तुझ्या नातीच्या हाडात बिऱ्हाड मांडणार. उद्या ठकीला खरचटलं तर निघेल ते रक्त शिंप्याचं. तू आता त्याच्याशी बोललीस काय नि नाही काय, तो घरात शिरलाय, आणि पार आतल्या खोलीत.

तू गप्प गप्प लिहितेस ते त्याच्यामुळे, हे मला कळतं. एवढं मनाला लावून घेऊ नकोस. सासूने जावयाला सरळ चहा विचारला म्हणून आभाळ कोसळल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

वाट बघण्याचं म्हणशील तर ते कामच आहे. आमच्यात छप्पर उतरवलं की दोन दिवस कुणी भिंतीला हात लावत नाही. भार हलतो, तडे कुठे जातात ते दिसू द्यावं लागतं. नवीन पोरं विचारतात, मालक, नुसतं काय बसायचं? मी म्हणतो, बसून ऐका. भिंत बोलते.

माझी बायको विचारते, तुला गरम पायमोजे पाठवू का. बाकावर बसून पाय गारठत असतील.

तुझा फक्की

२० मार्च

चि. फक्कीस आशीर्वाद.

पायमोजे मिळाले. अक्षराकडे बघू नकोस, बोटं आखडली आहेत.

पेशी रुजल्या. ठकी घरी आली. लेकीने मला मिठी मारली, ती किती वर्षांनी ते आठवत नाही. नव्या रक्तात बापाचाच शिक्का निघाला. हाडाच्या फोटोत कडेला बारीक पोकळी दिसायला लागली आहे, नखाएवढी. डॉक्टरीणबाई त्या पोकळीकडे आपण नवीन घर बघावं तशा बघत होत्या. लेक पुन्हा कामावर जाते. सकाळचं दूध आणि दुपारची पेज माझ्याकडे. माझ्या मांडीवर बसून खाते आणि चमचा चावते.

पण गेल्या पंधरवड्यापासून पोर बरी नाही. उलट्या, शौचाला होत नाही, सारखी पाण्यासाठी रडते, आणि अशी मलूल पडते की नाव खरं करते, लाकडाची ठकीच. रक्त तपासलं तर त्यात कॅल्शियम फार चढलंय. असं होतं म्हणे. नवी टोळी जन्मापासून साचलेलं हाड खायला लागते आणि सगळा चुना रक्तात येऊन पडतो. त्याने मूत्रपिंड जातं, काळीज गडबडतं. पुन्हा दवाखान्यात सलाईन लावलं, उतरलं, घरी आणलं, की पुन्हा चढलं.

डॉक्टरीणबाई बुचकळ्यात आहेत. म्हणतात, फोटोत हाड अजून फार पोखरलेलं दिसत नाही, मग रक्तात एवढा चुना कुठून? तरी आता त्या खाणाऱ्या टोळीला काही काळ झोपवायचं औषध द्यावं लागेल. म्हणजे पाडकाम थांबणार. उजव्या डोळ्याचं भोक तेवढा वेळ तसंच. आधीच कडेकडेचं तिला दिसत नाही असं वाटतं. समोर खुळखुळा धरला तर बघते, बाजूला नेला तर हरवतो. सोमवारी औषध सुरू करणार. लेक रडत नाही, नुसते कपडे घड्या करत बसते, घडी केलेले पुन्हा उलगडून घडी करते.

मी माझ्या परीने जे होईल ते करते आहे. हाडं मजबूत असली म्हणजे पुढचं सगळं निभावतं.

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याशी भांडण झालं. गुडघ्यांच्या गोळ्या या महिन्यात लवकर संपल्या, तर म्हणतो, आजी, चणे म्हणून खाता काय. आजकाल माणसांना बोलायची रीत राहिली नाही.

तुझी आक्का

२४ मार्च

आक्का,

हे पत्र लिहायच्या आधी मी भाचीला फोन केला. तुला विचारून करायला हवा होता, पण तुला विचारायचं म्हणजे टपालाचे तीन दिवस, आणि सोमवार उद्यावर आलाय. तू चिडशील. चीड.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. भिंत जेवढी पाडली तेवढाच राडारोडा निघतो. माझ्या डोळ्यांना भिंत बघून गाड्यांचा अंदाज येतो. कधी कधी भिंत अर्धी उभी असते आणि फाटकात ढीग मात्र पूर्ण इमारतीचा. नवा मुकादम आपल्याच गड्यांना झापतो, की हळू पाडा. जुना मुकादम गड्यांना काही बोलत नाही. तो फाटकाशी जाऊन उभा राहतो. कारण शेजारचं कुणीतरी स्वतःचा राडा गुपचूप आपल्या फाटकात ओतत असतं.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. हाड थोडंच पोखरलंय, चुना मात्र ढीगभर. आणि खाली तुझ्या गोळ्या लवकर संपल्या. त्या गोळ्या कसल्या ते मला माहीत आहे, माझी बायकोही घेते. कॅल्शियम आणि ‘ड’. वर निवळीची आठवण काढली ते बरं केलंस, असंही तूच लिहिलंयस.

डॉक्टरीणबाईंनीही भाचीला विचारलं होतं, घरात काही दिलं जातं का. ती छातीठोक नाही म्हणाली. खोटं बोलली नाही, तिला माहीतच नव्हतं. त्यांच्यापाशी नुसती शंका होती. मला तू माहीत आहेस. तू कागद वाचतेस आणि मनातून फाडतेस.

कुटून पेजेत घालत होतीस ना? लहानपणी माझ्या तापाची कडू पुडी अशीच गुळात दडपून द्यायचीस, आणि मी शहाण्यासारखा गिळायचो.

आक्का, त्या पोरीला कुणी मारत नव्हतं. नव्या टोळीचं काम बरोबर चाललं होतं. फाटकात गोणी ओतत होतो आपण. त्यातली एक गोणी माझी. ज्या घरात दुखणं आहे तिथे निवळीची थट्टा धाडायची नसते, एवढी अक्कल मला या वयात हवी होती.

आणखी एक. बोटं आखडली म्हणतेस, पण तुझं पत्र डाव्या हाताने लिहिलेलं आहे. आमच्या मुकादमाचा उजवा हात गेल्यापासून त्याचं अक्षर असंच पडतं. तुझ्या उजव्या हाताला काय झालंय? ते मी भाचीला सांगितलेलं नाही. ते तुझं तू सांगायचं.

फक्की

२ एप्रिल

फक्की,

पाडलंस ना शेवटी?

लेक हातात फोन घेऊनच स्वयंपाकघरात आली. फळीवरची डबी काढली आणि माझ्या कानाशी खुळखुळवली. मला ऐकू येत नाही हे ती विसरली. मग ती जे बोलली ते ओठांवरून वाचता आलं असतं, पण मी खाली बघितलं. दारात तो उभा होता, गळ्यात मापाची फीत, हातात अर्धी उसवलेली बाही. तो ओरडला असता तर सोपं गेलं असतं.

ठकी दवाखान्यात आहे. काळजाच्या ठोक्यांवर यंत्र लावलंय. मला तिच्याजवळ जायची बंदी. पेज दुसरं कुणी भरवतं.

तुम्ही सगळे शहाणे. बाई म्हणतात पाडा, लेक म्हणते पाडा, तू तर काय पोटच त्यावर भरतोस. मांडी मोडली तेव्हा पोर माझ्या हातात होती. तो आवाज मला ऐकू आला, फक्की. यंत्र न लावता. त्यानंतर माझ्यासमोर कुणी म्हणालं की हाड खाल्लं जायला हवं, तर मी काय करायचं होतं? एवढ्या माणसांत तिच्या हाडांच्या बाजूने मी एकटी होते.

आता लिहू नकोस.

९ एप्रिल

ती. आक्का, नमस्कार.

लिहू नकोस म्हणालीस, म्हणून दोन दिवस लिहिलं नाही. मग म्हटलं, धाकट्यांनी सगळंच ऐकायचं म्हटलं तर थोरल्यांना शिव्या द्यायला उरेल काय?

भाचीला रोज फोन करतो. कॅल्शियम उतरतंय. त्या टोळीला झोपवायचं औषध बाईंनी मागे ठेवलंय, लागलं तरच देऊ म्हणाल्या. म्हणजे पाडकाम चालू आहे. मूत्रपिंडावर थोडा घाव पडलाय, तो भरेल की राहील हे आज कुणी सांगू शकत नाही. तुझ्यापासून लपवत नाही, कारण लपवण्याचं काय होतं ते आपण दोघांनीही बघितलंय.

भाची रागावली आहे. रागावू दे. पण तिने मला विचारलं, आई जेवते का? मी इथे बसून काय सांगू? घरात तू एका खोलीत, ती दुसऱ्या, आणि निरोप माझ्यामार्फत. कपाटाची बढती मला मिळाली.

तू हाडांच्या बाजूने होतीस हे खरं आहे. त्याबद्दल मी तुझी थट्टा करणार नाही, या जन्मात नाही. मोडल्याचा आवाज मीही ऐकतो. रोज ऐकतो. एक पाडकाम माझ्या ऐकण्यात चुकलं होतं, तेव्हापासून भिंतीला हात लावण्याआधी बोटाच्या पेराने वाजवून बघतो. भरीव भिंत ‘टक’ म्हणते आणि तिथेच मरते. आत पोकळी असली की आवाज पुढे जातो, कुणीतरी आतून ओ द्यावी तसा. ठकीच्या हाडांत आता कुठे ओ यायला लागली आहे.

हात दाखवलास का कुणाला? मी अजून तोंड उघडलेलं नाही. फार दिवस ठेवता येणार नाही.

तुझा फक्की

२३ मे

चि. फक्कीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवशी संध्याकाळी घरात आम्ही दोघंच होतो, मी आणि तो. लेक दवाखान्यात. तो यंत्रावर काम करत होता. मी जाऊन त्याच्यासमोर उभी राहिले. कपाट मागे होतं, मी वळले नाही. म्हटलं, “माझा हात मोडलाय.” आठ वर्षांत मी त्याच्याशी सरळ बोललेले हे पहिले शब्द. त्याने पायाखालचं यंत्र थांबवलं, हात बघितला, आणि एवढंच विचारलं, “कधी?” फेब्रुवारीत, म्हटलं, न्हाणीत घसरले. ठकी काचेत होती, तेव्हा माझं कुठे सांगू? त्याने लगेच अस्तराचं कापड फाडलं, गळ्यात झोळी बांधली. काय सफाईने बांधली, गाठ कुठे टोचली नाही. जिना उतरताना दर पायरीवर थांबत होता.

मनगट वाकडं जुळलंय, आता तसंच राहणार. फोटोत माझं हाड जाळीसारखं दिसतं. दवाखान्यात ठकीच्या डॉक्टरीणबाई भेटल्या. मला वाटलं, तोंड फिरवतील. त्यांनी माझा फोटो आणि ठकीचा फोटो उजेडावर शेजारी शेजारी धरला. म्हणाल्या, नातीत खाणारी टोळी झोपलेली होती, आजीत ती ऐकेनाशी झाली आहे. गोळ्या मी घेतल्या नाहीत म्हणून असं झालं का, विचारलं. नाही, म्हणाल्या, हे बऱ्याच वर्षांचं काम आहे, पण गोळ्या तुमच्यासाठीच होत्या, आजी. मी खाली बघितलं नाही.

आता रोज सकाळी तो कामाला बसण्याआधी माझ्या तळहातावर एक गोळी ठेवतो आणि मी गिळेपर्यंत समोर उभा राहतो. काल म्हणतो, “आई, तोंड उघडून दाखवा.” जावयाने सासूची झडती घ्यावी! मी दाखवलं.

लेक अजून तुटक बोलते. पेज भरवायला देते, पण वाटी आधी स्वतः चाखते. चाखू दे.

ठकी घरी आहे. सगळं बरं आहे असं समजू नकोस. अंगावर पुरळ उठतं. बापाच्या पेशींना पोरीचं अंग अजून परकं वाटतं, त्याचं औषध चालू आहे आणि त्यात कधीही ताप येऊ शकतो. मूत्रपिंडाची दर महिन्याला तपासणी. डावा डोळा कायमचा गेला. उजव्याचं भोक मोजलं. मोठं झालेलं नाही. पण मार्चमध्ये होतं त्याहून लहानही झालेलं नाही. बुजायचं थांबलंय. तिला किती दिसतं हे मात्र तपासून नक्की सांगता येत नाही, पोर बोलत नाही, दिव्यामागे नजर कधी फिरते, कधी फिरत नाही. त्यामुळे आमच्या घरात सगळेजण तिच्याकडे बघत असतात आणि बघत नसल्यासारखं दाखवतात.

परवा दुपारी ती माझ्या मांडीवर होती. मी गप्प बसले होते, झोपेल म्हणून. खुळखुळा नव्हता, काही नव्हतं. खिडकीतून ऊन येत होतं ते माझ्या चष्म्यावर पडलं असेल. तिचा हात वर आला. थांबला. पुन्हा आला, सरळ. चाचपडला नाही, फक्की. तिने चष्म्याची दांडी धरली आणि अशी ओढली की कट्‌कन मोडली.

मी हाक मारली. काय हाक मारली कुणास ठाऊक, तो यंत्र सोडून धावत आला, हातात कात्री तशीच. त्याला वाटलं, पुन्हा हाड. मी नुसती मोडकी दांडी दाखवली आणि पोरीचा हात दाखवला. त्याला कळलं. जमिनीवर बसलाच. या घरात आजवर ठकीचंच काहीतरी मोडत आलंय. तिने दुसऱ्याचं काही मोडलं, ते पहिल्यांदा.

संध्याकाळी लेकीला सांगितलं तर तिने मोडकी दांडी उलटसुलट करून पाहिली. मग माझ्या शेजारी येऊन बसली.

त्याने काळ्या दोऱ्याने दांडी बांधून दिली आहे, पण चष्मा एका बाजूला उतरतो. ओळी तिरक्या गेल्या असतील तर त्या हाताचा दोष धरू नकोस.

रजा काढून ये एकदा. पोरीच्या हाडावर टकटक करू नकोस म्हणजे झालं. आणि आलास की तिला मांडीवर घ्यायच्या आधी आपला चष्मा खिशात ठेव.

तुझी आक्का